खालची पट्टी
लाखेच्या जुन्या तबकडीचा वास आला की नजरबाद मोहल्ल्यातली माझ्या गाण्याच्या गुरुजींची खोली आठवते. माझा जाड आवाज बायकांना शोभत नाही असं सगळे म्हणत, म्हणून गाणं सोडते हे सांगायला मी रडवेली होऊन गेले होते. गुरुजींनी तरुणपणी गायलेली आपली तबकडी लावली. त्यांचा भरदार आवाज तिच्यात उंच, ताणलेला येत होता. "तेव्हाची यंत्रं खर्ज पकडत नसत. कंपनीनं वर गायला लावलं, मग लोकांनाही तोच आवाज हवा झाला. गळा गेला, शिकवणी उरली. तू सुम्ने, उगीच रडू नकोस गं, तुझ्या पट्टीत सा लाव." त्यांनी तंबोरा माझ्या खालच्या पट्टीत उतरवला आणि मी गायले. डोळे मिटून ते हळूच म्हणाले, "मला असं गायचं होतं." आता माझे केस पिकलेत, पट्टी मी कधी बदलली नाही.