कुंदा, दार!

लॅबमध्ये नोकरी केलेल्या माणसाकडचे किस्से साठतच जातात, कारण घरचे म्हणतात, "जेवताना नको." माझी ऐंशीच्या दशकातली वर्षं घाटकोपरच्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली. लॅब डॉक्टरीणबाईंची, त्यांना आम्ही मॅडम म्हणायचो. टेस्ट लावायचं काम माझं आणि बाहेरच्या टेबलावर बाटल्या घ्यायचं कुंदाचं. कुंदा मालवणची, मनाने मोकळी आणि हाताने जड. ती आत आली की दार धाडकन आपटायचं आणि आतून मॅडम ओरडायच्या, "कुंदा, दार!"

ओरडायला कारण होतं. दिवस गेलेत का बघायला तेव्हा सकाळची पहिली लघवी मागवायची, ती औषधाबरोबर नळीत घालायची आणि दोन तास नळीला धक्का लागू द्यायचा नाही. तळाशी गोल कडं दिसलं तर दिवस गेलेत. टेबल हललं की पुन्हा पहिल्यापासून.

* * *

बाटली स्वच्छ हवी, असं आम्ही सगळ्यांना बजावायचो. म्हणून एक गृहस्थ चकचकीत स्टीलचा डबाच घेऊन आले, वर रुमाल बांधलेला. कुंदाने तो आमच्या जेवणाच्या डब्यांशेजारी ठेवला. दुपारी मॅडमनी उघडला. पुढचे काही दिवस आम्ही तिघी खालच्या हॉटेलात इडली खात होतो.

* * *

सगळ्यात घाबरलेल्या असायच्या त्या कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेल्या बायका. पाळी लांबली की कुणाला सांगायची सोय नाही. कुंदाचं स्वतःचं ऑपरेशन धाकट्याच्या वेळीच झालेलं, त्यामुळे ती त्यांना हसायची. "ऑपरेशन झालां मा? मगे भियातंस कित्याक गो?"

मॅडम तिला दटावायच्या. नळ्या बांधल्या तरी एखादीच्या पुन्हा जुळतात, तेव्हा अंदाज नको, टेस्ट करायची. फार लवकर केली असेल तर आठवड्याने परत करायची.

* * *

अशीच एक सून सासूला घेऊन आली. सुनेने मला कोपऱ्यात गाठून सांगितलं, काहीही निघालं तरी सासूबाईंना कळू देऊ नका. थोड्या वेळाने सासूबाईंनी गाठलं, रिझल्ट आधी मला सांगा. मला वाटलं, म्हातारीला नातू हवाय. टेस्ट निगेटिव्ह आली तशी सासूबाई मटकन बाकावर बसल्या. "दोन मीच सांभाळते हो हिची," त्या म्हणाल्या. "तिसऱ्याच्या भीतीने देवगडच्या एसटीचं तिकीट काढून ठेवलं होतं."

* * *

एकीची मात्र पॉझिटिव्ह आली. तिच्या नवऱ्याचं साकीनाक्याला वर्कशॉप होतं. ऑपरेशननंतर हे आलं कुठून, असं तो बायकोकडे बघत विचारू लागला. ती बिचारी पांढरीफटक पडली. मॅडम म्हणाल्या, "चूक बांधलेल्या नळीची आहे, हिची नाही. आणि गर्भ नळीतच अडकला असेल तर हिच्या जिवाशी खेळ आहे. आधी दवाखान्यात न्या." त्याने खाली जाऊन टॅक्सी थांबवली. संध्याकाळी तोच धापा टाकत जिना चढून आला. गर्भ जागेवर होता. बायकोची माफी मागितली का, असं मॅडमनी विचारलं, तेव्हा तो आला तसा धावत खाली गेला.

* * *

मग एका सकाळी 'सौ. पाटील' अशी चिठ्ठी लावलेली बाटली आली. मी नळी लावली आणि लॅबमध्ये काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. दार वाजत नव्हतं. कुंदा चपला बाहेर काढून अनवाणी वावरत होती, दार दोन्ही हातांनी धरून लावत होती. मॅडमनी खुर्ची सरकवली तर त्यांनाही म्हणाली, "हळू ना, मॅडम."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यापासून कुंदाचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. दोन मुलगे शाळेत. मी चिठ्ठीवरचं नाव तसंच वहीत लिहिलं. पण त्या दोन तासांत मी तिच्याइतकीच घाबरले होते.

वेळ झाली. मी नळी न हलवता खालून बघितलं, पुन्हा बघितलं. कडं नव्हतं.

मी मोठ्याने म्हटलं, "सौ. पाटील, निगेटिव्ह. आठवड्याने आणखी एकदा बाटली आणायला सांग त्यांना."

"सांगतंय," कुंदा म्हणाली आणि बाहेर गेली.

दार असं आपटलं, की स्टँडमधल्या उरलेल्या नळ्या मला पुन्हा लावाव्या लागल्या. आतून मॅडमची हाक काही आली नाही.