पांढरा थर

आमच्या प्रसूतिगृहात मावशींना सगळे ‘फौजदार’ म्हणत. दूधवाल्याचं दूध, डॉक्टरांचं घड्याळ, माझा सुट्टीचा अर्ज, कशावर म्हणून त्यांचा विश्वास नव्हता. तीस वर्षं इथं जन्मलेलं प्रत्येक बाळ त्यांनी स्वतः चोळून, लख्ख करूनच घरच्यांच्या हाती दिलं होतं.

आणि मी, कालची आलेली सिस्टर, त्यांना नवा नियम सांगत होते. बाळाच्या अंगावरचा पांढरा चिकट थर पुसायचा नाही, पहिला दिवस अंघोळ नाही. तो थर कातडी मऊ ठेवतो, ऊब धरतो.

“गिझर बिघडलाय म्हणा की सरळ!” मावशी म्हणाल्या आणि खरोखरच जाऊन गिझर बघून आल्या. तो चांगला चालू होता. मग संशय माझ्यावर आला. “कामचुकारपणाला चांगलं नाव शोधलंत. असं लोण्यात लोळलेलं पोर द्यायचं लोकांना?”

मीही काही कमी नव्हते. त्या पाळण्याजवळून गेल्या की मी बाळाचं जावळ ओलं आहे का ते चाचपायची.

सहा महिन्यांनी त्यांची धाकटी लेक आमच्याकडेच बाळंत झाली. मुलगी. मानेच्या वळ्यांत, काखेत पांढरा थर चांगला जाड. मावशी तिच्याकडे अशा बघत राहिल्या, की मी साबण आणि टब कपाटात कोंडून टाकले.

चहा घेऊन आले तर पाळणा रिकामा! अंघोळघरात नळ वाहत होता. माझं डोकंच फिरलं. दार ढकललं.

बादली भरून वाहत होती. मावशी स्टुलावर बसलेल्या, नात दुपट्यात, छातीशी, कोरडी ठणठणीत. बोटावर आलेला तो थर त्या स्वतःच्या भेगाळलेल्या तळहातावर चोळत होत्या.

“सिस्टर, हे खरंच ऊब धरतं?”

“हो, मावशी.”

“शपथ घ्या.”

घेतली.

“माझी थोरली इथंच झाली. कडाक्याची थंडी. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नव्हता, म्हणून दोन तासांत उठून मीच घासली तिला. पांढरं कणभर ठेवलं नाही. तिसऱ्या दिवशी गार पडली, ती पडलीच.”

“तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं हो, मावशी. आणि त्यानंच गेली असंही नाही,” मी म्हणाले. मला रडू येत होतं.

त्यांनी नळ बंद केला, नात माझ्याकडे दिली.

“सहा महिने तुम्हाला खोटं पाडायला बघतेय,” त्या म्हणाल्या. “तुम्ही खोट्या निघायला हव्या होतात.”