प्रत्येक मेलची एक प्रत बाबांना

पादरा रोडवरच्या वॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात मला नोकरी लागली. तिच्यात मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे फोनवर कुणाशी बोलावं लागत नव्हतं. ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळायचे, बस. तीन महिने ट्रायल होती. ती संपायला आठवडा उरला असताना शेठ म्हणाले, "बेन, आपले मेल लोकांच्या स्पॅममध्ये पडतात. ते थांबलं तर तुम्ही कायम. नाहीतर एजन्सी ठेवू."

मी "हो सर" म्हणाले. तीन महिने त्यांनी माझ्या तोंडून एवढंच ऐकलं होतं.

दोष आमच्या लिनक्स सर्व्हरच्या धीटपणात होता. तो कुठल्याही अनोळखी दारात थेट जाऊन उभा राहायचा, आणि आतले लोक त्याला हाकलायचे. उपाय म्हणजे रिले. मेल आपण स्वतः पोचवायचे नाहीत; एखाद्या नावाजलेल्या मेलसेवेकडे सोपवायचे, ती आपल्या वजनावर पुढे पोचवते. मी हे शेठना घाबरत घाबरत समजावलं. ते लगेच म्हणाले, "एटले ओळखाणथी काम करावानुं!" बडोद्यात रिले यापेक्षा सोपा करून सांगता येणार नाही.

कॉन्फिग फाइलमध्ये त्या सेवेचा पत्ता आणि पोर्ट लिहिला, युजरनेम-पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये. पहिला पासवर्ड चुकीचा पडला म्हणून बदलला; बदलल्यावर एक कमांड चालवावी लागते, ती विसरल्यामुळे दोन तास सर्व्हर जुनाच पासवर्ड देत राहिला आणि मी माझं स्पेलिंग तपासत राहिले. शेवटी मेल गेले. पण ते पलीकडे इनबॉक्समध्ये पडतात की स्पॅममध्ये? हे कुणाला तरी विचारायला हवं होतं, आणि विचारायचं म्हणजे फोन. म्हणून मी फाइलमध्ये आणखी एक ओळ घातली: बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलची एक गुप्त प्रत बाबांना.

बाबा रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेत. त्यांचे आजोबा संस्थानच्या कचेरीत होते. आमच्या घरात देवपूजा राहिली तरी चालेल, पण आलेल्या पत्राची पोच त्याच दिवशी गेली पाहिजे. लग्नपत्रिकेलासुद्धा बाबा लेखी पोच देतात, आणि मग लग्नालाही जातात. मी त्यांना म्हटलं, "आमच्या ऑफिसचे मेल येतील. कुठे पडतात तेवढं बघा."

शुक्रवारी ते जेवताना म्हणाले, "तुमची तीन पत्रं आली. तिन्ही इनबॉक्समध्ये."

मी खूश झाले. इतकी खूश, की ती प्रत पाठवणारी ओळ काढायचीच राहिली.

मंगळवारी शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. स्क्रीनवर एक मेल होता, जुन्या सरकारी इंग्रजीत: आपले पत्र मिळाले. मजकूर ध्यानात घेतला आहे. दोन इंची वॉल्व्हची तूर्त आवश्यकता नाही, तथापि स्मरण ठेवल्याबद्दल आभारी आहे. खाली फक्त आद्याक्षरं आणि फोन नंबर. नंबर मला पाठ होता.

"असे अकरा आलेत," शेठ भारावून म्हणाले. "वीस वरसमां कोई पार्टीए आवो जवाब नथी आप्यो. आणि बघा, 'तूर्त' लिहिलंय. एटले पछी लेशे, नंतर घेणारच!"

"सर—"

"असल्या इंग्रजीवरून मराठी वाटतात. तमे ज वात करो." त्यांनी नंबर फिरवला, स्पीकर चालू केला आणि फोन माझ्याकडे सरकवला.

"नमस्कार. कोण बोलतंय?" बाबा.

शेठ हातानं 'बोला, बोला' करत होते.

"वॉल्व्ह कंपनीतून," मी म्हणाले.

"अगं, तू होय! डबा खाल्लास का?"

शेठनी स्पीकरकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ए मारा पप्पा छे," मी टेबलाला सांगितलं. मग सगळं सांगितलं: गुप्त प्रत, विसरलेली ओळ. शेठचा चेहरा लाल झाला. "एटले मारा बधा क्वोटेशन तमारे घरे?"

"सब पढ़े हैं," स्पीकरमधून बाबा हिंदीत म्हणाले, जणू कौतुक चाललं होतं. "आज सुबह के पत्र में मुदत इकतीस जून तक है. ऐसी तारीख नहीं होती, साहेब. बाकी ड्राफ्टिंग ठीक है."

शेठनी सकाळचं पत्र उघडलं. एकतीस जूनच होतं, आणि ते सहा पार्ट्यांना गेलं होतं.

"काढा ती ओळ. हमणां ज, आत्ताच. माझ्यासमोर."

मी त्यांच्याच कॉम्प्युटरवरून सर्व्हरमध्ये शिरले, ओळ काढली आणि बदल लागू केला. मग दुरुस्त केलेलं पत्र आधी शेठच्या घरच्या मेलवर पाठवलं. ते इनबॉक्समध्ये पडलं. त्यांनी स्पॅम उघडून तिथेही बघितलं, दोनदा. मग ते पत्र सहाही पार्ट्यांना गेलं.

शनिवारी संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी आले आणि एक बंद पाकीट ठेवलं.

"कायमचं पत्र आहे," ते म्हणाले. "हातात देतोय. मेलवर पाठवलं तर पप्पा आधी चुका काढशे."

मी थँक यू म्हणाले. ते त्यांना ऐकू गेलं नसावं, कारण ते म्हणाले, "काय?" आणि मला ते पुन्हा म्हणावं लागलं.