ओटीचा नारळ आणि दोन भातवाढण्या

बाळंतपण या विषयावर माझ्या आत्याइतकं बोललेली बाई उल्हासनगरपासून कर्जतपर्यंत सापडायची नाही, आणि गंमत म्हणजे ती स्वतः एकदाही बाळंत झालेली नाही. तिचा अधिकार दुसऱ्या टोकाकडून आलेला. ती डॉक्टरांचा चिमटा डोक्याला लावून जन्मली! तिच्या उजव्या कानापुढे एक बारीक खळगा आहे. घरातले म्हणतात कांजिण्यांचा, आत्या म्हणते चिमट्याचा. मांजर्लीतल्या तिच्या इमारतीत कुणाला दिवस गेले की सगळ्यांत आधी ही पोचते आणि खळगा दाखवते. एकदा रिक्षावाल्यालाही दाखवला. तो बिचारा म्हणाला, "मावशी, उतरायचं कुठंय?"

माझ्या मुलीच्या डोहाळजेवणात तर तिने कहर केला. मुलीच्या ओटीत घातलेला नारळ उचलला, माझ्या जुन्या स्वेटरच्या गळ्यात आतून कोंबला आणि पंगतीतून दोन भातवाढण्या मागवल्या. "हे बाळाचं डोकं. पार खाली आलंय, पण पोरगी दमली, नाहीतर बाळाचे ठोके मंदावले. मग डॉक्टर दोन्ही गालांना अशी एकेक लावते."

"अहो आत्या, तो ओटीचा नारळ आहे!" बायको कळवळली.

"मग? तो कुठं रडतोय?"

आत्याने ओढलं. नारळ हलेना. "बघा! नुसतं ओढून येत नाही. कळ आली की आईनंच जोर लावायचा, डॉक्टरनं वाट दाखवायची. लाव गं जोर!" मुलगी हसता हसता जोर लावू लागली, तिच्याबरोबर बायकांची अख्खी रांग श्वास रोखून बसली, शेजारच्या सिंधी काकू "लगा, लगा!" ओरडल्या, आणि नारळ सुटला तो थेट बर्फीच्या ताटात. "बर्फी! मुलगी होणार!" असा एकच गलका झाला.

महिन्याभराने बदलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई घाईने बाहेर आल्या. "बाळाचे ठोके कमी होतायत. डोकं खाली आहे, चिमटा लावून काढते." "तिला सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं. म्हणाली, कळ आली की सांगा, मी जोर लावते. आणि हसली हो! हा स्वेटरातला नारळ काय प्रकार आहे?" उत्तराला न थांबता त्या आत पळाल्या. बायकोने माझा दंड घट्ट धरला. सकाळपासून अखंड बोलणारी आत्या एकदम गप्प झाली. तिला गप्प बसलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मग आतून रडणं आलं. असं खणखणीत, की आत्याने तिथल्या तिथे टाळी वाजवली.

मुलगी झाली. गालांवर दोन लाल वळ. "माझ्या जातीची आली!" म्हणत आत्या दवाखानाभर मिरवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसे ते वळ दोनेक दिवसांत मावळले. आत्याने बाळाचे गाल उजेडाकडे वळवून पाहिले. "गेले रे," ती जराशी हिरमुसून म्हणाली.

मग स्वतःच्या कानापुढे बोट टेकवून बसली. "माझ्या आईला तेव्हा कुणी काही सांगितलं नव्हतं. आपल्याला जोर लावता आला नाही म्हणून पोरीला लोखंड लागलं, असंच धरून बसली. म्हातारी होईस्तोवर इथं हात फिरवायची, विचारायची, दुखतं का गं?"

समोर माझी मुलगी बाळाच्या गालावरून बोट फिरवत काहीतरी गुणगुणत होती. आत्या तिच्याकडे बघत राहिली.

"बघ," मला हळूच म्हणाली, "ही विचारत नाहीये."