चौदा बिनलेबली बाटल्या

आमचा जिल्हा जागचा इंचभरही हलला नाही आणि दुसऱ्या राज्यात गेला. आधी निजाम गेला, मग हैदराबाद राज्य गेलं, आणि एका सकाळी आम्ही आंध्र प्रदेशात जागे झालो. एवढ्या उलथापालथीत आमच्या गावात कोणाचं काही बिघडलं नाही. जे बिघडवायचं ते मी एकट्यानं बिघडवलं.

माझी बायको शांता इचोड्याजवळच्या आमच्या गावात सरकारी दवाखान्यात नर्स होती. मी किराणा दुकानदाराचा मुलगा, पण उर्दू शाळेतून मॅट्रिक झालेला. ती सातवी आणि वर नर्सिंगचं ट्रेनिंग. त्यामुळे घरातलं विद्वान माणूस कोण, याबद्दल मला शंका नव्हती. (शंका तिलाही नव्हती, फक्त तिचं उत्तर वेगळं होतं.)

नवे डॉक्टर समुद्राकडचे, तेलुगू. बाटल्यांवरची उर्दू लेबलं पाहून म्हणाले, "ये सब बदलना. नया लेबल, तेलुगू और इंग्लिश." आणि मीटिंगसाठी आदिलाबादला गेले. तेवढ्यात शांताला शेजारच्या गावातून बाळंतिणीसाठी बोलावणं आलं.

जाताना म्हणाली, "दवाखान्यात बसून राहा फक्त. कायलेबी हात लावू नका."

पण बसून राहणं हे काय मॅट्रिकवाल्याचं काम? बायकोला तेवढीच मदत, म्हणून मी घंगाळात कोमट पाणी घेतलं आणि चौदाच्या चौदा बाटल्या बुडवल्या. लेबलं अशी अलगद सुटली की वा! एकाचाही कोपरा फाटला नाही. ती ओसरीवर उन्हात वाळत घातली, बाटल्या लखलखीत पुसल्या, कपाटात उंचीप्रमाणे लावल्या आणि दोन पावलं मागं सरून पाहिलं.

तेव्हा कुठं घोळ लक्षात आला. लेबलं शाबूत होती, बाटल्या शाबूत होत्या. फक्त कोणाचं लगीन कोणाशी लागलं होतं, तेवढं आठवेना!

निम्म्या बाटल्यांत पांढरी भुकटी. सगळ्या सख्ख्या बहिणी! मग मी दुकानदारी अक्कल वापरली. साखर-मीठ आपण कसं ओळखतो? एक चाखली. कडू जहर! दुसरी खारट-कडू. तिथं नक्की ठरेना, म्हणून खात्रीसाठी आणखी दोन चमचे घेतली.

दुपारी शांता आली. कपाट पाहिलं, ओसरी पाहिली, मग माझं तोंड पाहिलं.

"ओठाले पांढरं काय लागलं?"

"जरा चाखून पाह्यलं..."

तिनं पदरानं माझे ओठ खसाखसा पुसले. "अवो, डोळे धुवाचं बोरिक पोटात गेलं असतं म्हंजे? काऊन असं करता तुमी?" मग हळू आवाजात म्हणाली, "नव्या सरकारात कोनाले ठेवाचं, कोनाले काढाचं, याच्या याद्या बनून राह्यल्या. उद्या डॉक्टरसाहेब येतीन."

मला वाटलं, आता रडेल. तिनं हात धुतले, खिडकीपाशी चटई टाकली आणि एकेक बाटली पुढं ओढली.

पहिल्या भुकटीवर लिंबू पिळलं. फस्सकन फेस! "सोडा. पोटात जळजळते त्याले." दुसरी बोटांत चोळली, ती मऊ, चमकदार, बोटाला चिकटून बसणारी. "हे बोरिक." गडद जांभळ्या दाण्यांतला एकच दाणा पाण्यात टाकला आणि अख्खा पेला गुलाबी झाला. "लाल दवा. विहिरीत टाकतेत ते." मग एक हलकीफुल भुकटी पाण्यात घालून वर लिंबू पिळलं आणि पेला उन्हात धरला. पाण्याच्या कडेला निळी झाक तरंगायला लागली, मोराच्या मानेसारखी! मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. निजामाच्या हिऱ्यांबद्दल मी खूप ऐकलं होतं, पण असं तेज त्यांनाही नसावं.

"कोयनेल," ती म्हणाली. "हिवतापाचं. तुमाले कडू लागलं ते हेच."

"अन् ते खारट?"

तिनं सुईसारखे खडे निरखले. "जुलाबाचं मीठ. किती घेतलं?"

"दोन-तीन चमचे. खात्री कराले."

"मंग दोन घंट्यात खात्री होते."

झाली!

मी परसाकडून सहाव्यांदा परतलो तेव्हा तेरा बाटल्या एका रांगेत होत्या. चौदावी वेगळी, झाकणाला दोरा बांधून.

"हे मले ओळखू येत नाई."

"अंदाजानं सांग ना! एकच लेबल उरलं आहे."

"उरलं म्हनून लावाचं? औषधात अंदाज नसते. अन् डॉक्टरसाहेबांनी पाह्यल्याबिगर यातलं एकबी कोनाले द्याचं नाई."

सकाळी डॉक्टर आले. तिनं काहीच लपवलं नाही. "साब, लेबल मेरे घरवाले ने धोया." डॉक्टरांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी खुर्चीमागं सरकलो. मग ते एकेक बाटली उचलून विचारू लागले: ये क्या? किसके लिए? बच्चे को कितना? शांता उभी राहून उत्तरं देत होती, तेराच्या तेरा, न अडखळता. मी मॅट्रिकच्या परीक्षेतसुद्धा इतका घामाघूम झालो नव्हतो.

"और ये?"

"नहीं मालूम, साब."

मी डोळे मिटले. गेली नोकरी!

डॉक्टरांनी बाटली खाली ठेवली. "सबसे अच्छा जवाब यही है," ते म्हणाले. "सिस्टर, नया लेबल आप लिखना. यादी में आपका नाम मैं खुद लिखेगा."

त्या दिवसापासून औषधाच्या बाबतीत मी तोंड फक्त उघडायला वापरतो. शांता हातावर जे ठेवेल ते गिळायचं, विचारायचं नाही. परवा सदरा शिवताना तिनं माझ्या हातावर बटण ठेवलं, "धरा जरा." तिनं सुईत दोरा ओवला तोवर मी ते पाण्याबरोबर घेऊन मोकळा झालो होतो.