काटा कुंपणातून जात नाही

चार मार्चला, रविवारी, घड्याळजींच्या जावयाने दोनशे एकोणपन्नास रुपये मोजून घोड्यांच्या शर्यतीचा एक व्हिडिओ गेम आणला आणि सासऱ्यांच्या टीव्हीला जोडून दिला. हुकूम सासूबाईंचा होता. घड्याळजींनी तीस वर्षं दर रविवारी रेसकोर्सवर पैसे उधळले होते. घड्याळदुरुस्तीचं दुकान बायकोच्या नावावर होतं, म्हणून तेवढं वाचलं.

"पुन्हा त्या मैदानावर पाऊल टाकलंत," तिने बजावलं होतं, "तर दुसऱ्या दिवशी दुकान मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने. मग बसा घरी माशा मारत."

पहिली शर्यत पाहून घड्याळजींनी कपाळावर हात मारला.

"जावईबापू, हे घोडे आहेत की शिवणयंत्रं? आठच्या आठ एका साच्यातले, नुसता रंग बदललाय. चाबूक पोटातून आरपार जातोय! आणि हा समालोचक, शर्यत संपली तरी विचारतोय, 'आता काय होणार?'"

"बाबा, स्वस्तातला आहे," जावई ओशाळून म्हणाला.

"अहो, पण प्रेक्षकांना दोन वेगळी तोंडं तरी द्यायची! सगळं स्टँड एकाच माणसाने भरलंय."

नावं ठेवता ठेवता ते तबेल्यात शिरले. गेममध्ये एक शिंगरू पाळून शर्यतीत स्वतः पळवायची सोय होती. त्यांनी सगळ्यांत मरतुकडं निवडलं आणि त्याचं नाव ठेवलं काटा. दाराशी गेलं की काटा मान वळवून बघायचा, कान हलवायचा. तेवढं मात्र कोणीतरी जीव ओतून केलं होतं.

"ज्याने ही मान केली ना," घड्याळजी म्हणाले, "त्यालाच पायही करायला दिले असते, तर या खेळाने खऱ्या मैदानाला टाळं लावलं असतं."

दुसऱ्या दिवसापासून दुकान उघडण्याआधी काट्याला वैरण घालणं सुरू झालं. घरात शांतता नांदली.

अठरा मार्चला मैदानावरच्या जुन्या दोस्ताचा, टोपीवाल्याचा फोन आला. "पाचवी रेस. आतली खबर. येतोस ना?" घड्याळजींनी एक बूट चढवला. बायको समोरच मटार सोलत बसली होती.

"कुठे निघालात?"

"जरा पाय मोकळे करून येतो."

"पाय मोकळे करायला दुर्बीण लागते?"

घड्याळजींनी गळ्यातली दुर्बीण सदऱ्यात कोंबली. बायकोने मटाराचं ताट बाजूला सारलं.

"पैजच लावायची ना? मग माझ्याशी लावा. दोन रुपये. माझा आठ नंबर."

"तुला गं घोड्यातलं काय कळतं?" घड्याळजी पेटले आणि एका बुटासकट टीव्हीपुढे बसले. छाती, चाल, जॉकीची बैठक सगळं निरखून त्यांनी तीन नंबर घेतला. आठ जिंकला. मग सहा घेतला. आठ जिंकला. मग दोन घेतला. तरीही आठच.

"अगं, हे कळतं कसं तुला?"

"त्यात कळायचंय काय? पंधरा दिवस इथेच बसून भाज्या निवडतेय. वळणावर सगळे एकमेकांत अडकतात. कडेचा आठ नंबर तेवढा कुंपणातून आरपार जातो आणि जवळच्या वाटेने पुढे निघतो. तुम्ही घोडा बघता, मी कुंपण बघते."

टोपीवाल्याचा फोन वाजून वाजून थांबला. पाचवी रेस केव्हाच सुटली असणार. पण आता काटा पहिल्यांदा धावायचा होता, आणि त्याच्या वाट्याला नेमका आठ नंबर आला.

"घ्या, देव पावला तुम्हाला," बायको म्हणाली. "मी तीन घेते. चार रुपये."

वळण आलं. काटा कुंपणाकडे सरकला. पलीकडे रान मोकळं होतं. घड्याळजींनी दात-ओठ खाऊन त्याला आत खेचला, गर्दीत.

"अहो, जाऊ द्या ना! जिंकताय!"

"माझा घोडा कुंपणातून जाणार नाही. शर्यत म्हणजे शर्यत."

काटा त्या सात घोड्यांत अडकला, धडपडला आणि शेवटचा आला. तीन नंबर पहिला. सगळ्या स्टँडने एकदम हात वर केला. "आता काय होणार?" समालोचकाने विचारलं.

घड्याळजी तबेल्यात गेले. काट्याने मान वळवून बघितलं. मग त्यांनी पायातला बूट काढला आणि दुर्बीण माळ्यावर टाकली.

"पैसे?" बायकोने हात पुढे केला.

"सुट्टे नाहीत."

घड्याळजी बायकोचे दहा रुपये देणं लागतात.