मोरवेलीचं पान

मोरवेलीच्या पांढऱ्या फुलांचा वास आला की मला बुवापाड्यातलं आमचं अंगण आठवतं. आईने बारवीच्या रानातून आणलेली ती वेल दारावर चढवली होती. एका सकाळी रांगणाऱ्या धाकट्या बहिणीने तिचं पान चावलं. ओठ सुजले, लाळ गळू लागली. आई तिला कडेवर घेऊन दवाखान्याकडे धावली. डॉक्टरांना दाखवायला पानं मुठीत धरून मी मागोमाग. “विषारी आहे का हो?” आईने विचारलं. “तोंड धुतलंय, आता सूज उतरायची वाट बघू,” डॉक्टर म्हणाले. दुपारी बहीण दूध प्यायली, तेव्हा कुठे आई रडली. घरी येऊन तिने खालची पानं काढली आणि वेल उंच बांधली. आज मीही आई आहे. मी ती मुळासकट उपटली असती.